जुईच्या रक्तातली बाई

साळवी मॅडम मला नेहमी शाल्मली म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “मिसेस मयेकर, हे तुम्हीच वाचा. मी वाचून दाखवणार नाही.”

माझा हात आपोआप जुईच्या पाठीवर गेला. ती माझ्या मांडीवर बसून ओढणीचं टोक चघळत होती. सातव्या महिन्यातली पोर, खालचे दोन दात नुकतेच आलेले, समोर येईल ते तोंडात. आम्ही बाल संरक्षण कार्यालयात आलो होतो ते दत्तकाच्या आदेशाआधीचा शेवटचा रिपोर्ट घ्यायला. परत जाताना पेढे घ्यायचे असं मी ठरवून आले होते.

स्क्रीनवर लिहिलं होतं: बालिकेच्या रक्तात आढळलेल्या मातृपेशी शाल्मली सुयोग मयेकर यांच्या. खात्री: निर्विवाद.

“मॅडम, दत्तक घेणाऱ्या आईचं नाव या रकान्यात पडलंय चुकून.”

“नाव कोणी टाइप करत नाही हो त्यात. रक्तात जे सापडतं ते यंत्र सांगतं.” त्यांनी चष्मा काढला. “या मुलीला पोटात वाढवलं ती बाई तुम्ही आहात. तुम्ही तिला जन्म दिलात, शिशुगृहाच्या दारातल्या पाळण्यात ठेवलंत, आणि आता तिलाच दत्तक घ्यायला आलात. असं रिपोर्ट म्हणतो. मी नाही म्हणत.”

मला हसू आलं. खरंच आलं. आणि माझं हसणं त्या किती बारकाईने बघतायत हे लक्षात आल्यावर मी ओठ मिटले.

कूस-चाचणी म्हणजे काय हे मला माहीत होतं. जुई घरी आली तेव्हा त्यावर मिळेल ते मी वाचून काढलं होतं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, आणि काळजी करणाऱ्या माणसाचं वाचन तसंही फार होतं. मूल पोटात असताना आईच्या थोड्या पेशी गर्भाला जोडणाऱ्या वारेतून मुलाच्या रक्तात उतरतात आणि तिथेच मुक्काम करतात, वर्षानुवर्षं. लाखभर पेशींत एखादी. पूर्वी ती शोधून काढणं कोणाच्या आवाक्यातलं नव्हतं. मग एकेक पेशी सुटी करून वाचणारी यंत्रं आली. त्याच सुमारास प्रत्येकाच्या रक्ताची खूण आरोग्यकार्डावर चढली. आता मुलाचं थेंबभर रक्त पुरतं, यंत्र आईचं नाव सांगतं.

नुसती जनुकं जुळवून भागत नव्हतं, कारण स्त्रीबीज विकत मिळायला लागलं होतं. बीज एकीचं, कूस दुसरीची. कायद्याने आई ठरवली ती पोटात वाढवणारी. हे सगळं चांगल्यासाठीच आणलं होतं. चोरलेली मुलं टाकलेली म्हणून दाखवायची आणि दत्तकाच्या नावाखाली विकायची, अशा टोळ्या होत्या. म्हणून नियम झाला: टाकलेल्या मुलाची आई आधी शोधायची, तिला विचारायचं, मगच आदेश. टोळ्या मोडल्या. शिशुगृहांच्या दारातले पाळणेही हळूहळू रिकामे राहायला लागले. पेपरात त्याचं कौतुक आलं होतं. मीही केलं होतं.

“मग आमची जनुकं जुळवून बघा ना,” मी म्हटलं. “जुळणारच नाहीत.”

“नाहीच जुळली. केलंय ते. पण त्याने काय सिद्ध होतं? तुम्ही तीन वर्षांपूर्वी परक्या बीजासाठी एका दवाखान्यात नाव घातलं होतं. कार्डावर आहे.”

“घातलं होतं. पुढे काहीच केलं नाही आम्ही. माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्यानंतर डॉक्टरांनी सुचवलं म्हणून…”

“मिस्टर कुठे होते गेल्या वर्षी?”

“बोटीवर. अजून बोटीवरच आहेत.”

“घरात दुसरं कोणी?”

“जुई आल्यावर सासूबाई आल्या गावाहून. त्याआधी मी एकटीच.”

“बाहेर कामाला जाता?”

“ऑनलाइन शिकवण्या घेते.”

त्यांनी तेही लिहून घेतलं. पुढचं विचारायची गरजच नव्हती. गेलं वर्षभर मला सगळ्या जगाने गळ्याच्या वरच पाहिलं होतं.

“सरकारी डॉक्टरांकडून तपासून घ्या मला,” मी म्हटलं.

“तुमची आधीची सात महिन्यांची खेप आहे. अंगावरच्या खुणा कुठल्या खेपेच्या, हे आता कोण सांगणार?” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “हे बघा, पाळण्यात ठेवलेल्या मुलाच्या आईवर गुन्हा लागत नाही. तुम्ही सोमवारी सुनावणीत साहेबांसमोर नुसतं मान्य करा की मीच जन्म दिला, आणि सही करा. मुलगी तुमचीच. वर्षभर आमचं माणूस घरी येऊन बघून जाईल, बास. दत्तकाची गरजच नाही उरत. नाकारलंत, तर मात्र जन्मदात्री खोटं बोलतेय म्हणून मुलगी परत शिशुगृहात घ्यावी लागेल मला.”

जुईने ओढणी सोडली आणि टेबलावरच्या त्यांच्या चष्म्याकडे हात लांबवला. मॅडमनी चष्मा मागे घेतला. एरवी त्या तिला खुशाल खेळू द्यायच्या.

*

रिपोर्ट आणि सोबत कबुलीचा फॉर्म नियमाप्रमाणे दोन्ही पालकांना जातो. मी घरी पोचेपर्यंत सुयोगचा फोन येऊन गेला होता. पुन्हा लावला तेव्हा पडद्यावर त्याची केबिन होती, आणि तो बंकच्या कडेला बसलेला. इंजिनरूममधून तसाच आलेला, बॉयलरसूटवर तेल.

“शाल्मली, हे काय आहे?”

“यंत्राची चूक आहे.”

“यंत्राची.” त्याने बोटांवरचं तेल बॉयलरसूटला पुसलं. “मी गेल्या वर्षी जानेवारीत चढलो. माझ्या जागी रिलीफचा माणूस आला नाही म्हणून मी अजून इथे. मी काहीतरी विचारतोय का तुला? नाही ना विचारत? फक्त सांग.”

“काय सांगू? तू विचारच ना सरळ.”

“परक्या बीजाला मीच नको म्हणालो होतो. तू मनात धरून बसली असशील आणि… एकटीनेच केलं असशील. मग घाबरलीस. असं झालं असेल, तर तसं सांग.”

तो ओरडला असता तर मी भांडले असते. तो माझ्यासाठी पळवाट शोधत होता. माझ्या नवऱ्याच्या मनात माझी एक गोष्ट तयार झालेली होती, आणि त्या गोष्टीत मी माझं मूल पाळण्यात ठेवून घरी येऊन शिकवणीला बसले होते.

“तुला मी तशी वाटते?”

“तसं नाही गं. कर ना सही. मला काही कळत नाही खरं काय ते. पण सही कर, पोर आपल्याकडे राहील. बाकीचं मी आल्यावर बघू.”

मी फोन ठेवला. जुई केव्हाची रडत होती. मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं, आणि रोजच्यासारखी तिला अंगावर घेतली.

ती प्यायला लागली. मी तिच्या टाळूकडे बघत होते. टाळू खालीवर होत होती. आणि मग लक्षात आलं.

दूध.

*

हे आम्ही दोघींनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी आणि मी.

जुई आली ती गणपतीनंतर, काही दिवसांची, हातात मावेल एवढी. हल्ली टाकलेली बाळं संस्थेत ठेवत नाहीत, वाट बघणाऱ्या जोडप्याकडे लगेच सांभाळायला देतात. आदेश मागाहून. पाळण्यात सापडली तेव्हा ती एका जाड निळ्या एप्रनमध्ये गुंडाळलेली होती. तो एप्रनही त्यांनी पिशवीत घालून दिला. कडक, कारखान्यातला, कितीही धुतला तरी कोलंबीचा वास न जाणारा. मला इतका राग आला होता त्याचा. मूल टाकायचंच, तर निदान मऊ साडी तरी मिळू नये?

पावडरचं दूध तिला सोसेना. प्यायली की ओकायची. दुधपेढीतून आणलेलंही तेच. रडून रडून तिचा आवाज गेला. सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“लाव गो तिला अंगाला.”

“आई, काहीतरीच काय. कुठून येणार?”

“तुझं एकदा आलेलं आहे. वाट माहीत आहे त्याला. कोरडं तर कोरडं, पोरीला ऊब तरी मिळेल.”

आलेलं होतं. सातव्या महिन्यात गेलेल्या बाळानंतर, प्यायला कोणी नसताना. त्या आठवणीनेच मी नको म्हणत होते. पण लावलं. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले, शतावरी आणली, मेथीची पेज माझ्या तोंडाला लावून उभ्या राहिल्या. जुई ओढत राहिली. आणि एका दुपारी माझा ब्लाऊज ओला झाला. मी इतकी रडले की सासूबाई म्हणाल्या, “पुरे, तेही दूध समजून पिईल ती.”

सांभाळणाऱ्या बाईने पाजायचं नाही असा नियम आहे. मूल परत द्यावं लागलं तर दोघींना जड जातं म्हणून. मी त्याखाली सही केलेली होती. आणि सुयोगला सांगायचं म्हटलं, तर सासूबाईंनी हातच जोडले. “बायकांच्या दुधाची गोष्ट पुरुषांत करत नाहीत. आणि हे असं वाटेने न आलेलं दूध. बोललं की आटतं. मी पाहिलंय.” मी बी.एस्सी. झालेली बाई. पण आटेल या भीतीपुढे माझं शिक्षण गप्प बसलं. एक शब्द बोलले नाही.

दुधात जिवंत पेशी असतात. आणि इतक्या लहान बाळाच्या आतड्याची भिंत अजून विरळ असते. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. वाचून पुढे गेले होते.

*

“मग सांगूच नकोस,” सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या. त्या मटार सोलत बसल्या होत्या, पण सोललेले दाणे सालीतच टाकत होत्या. “सांगितलंस की पाजलं, तर नियम मोडला म्हणून नेतील. वर म्हणतील दूध आहे म्हणजे हीच बाळंतीण. सही कर आणि मोकळी हो. पोर घरात राहिली की झालं.”

“आणि लोक?”

“लोकांचं मी बघते. माझ्या तोंडाला कोण लागतं ते बघू.”

त्यांचं खोटं नव्हतं. सोपं होतं ते. पण मला सवय आहे पुढचं बघायची, नको तेवढं पुढचं. मला सोळा वर्षांची जुई दिसत होती. तिच्या हातात तिचं आरोग्यकार्ड, आणि त्यावर ओळ: जन्मदात्रीने त्याग केला, नंतर स्वीकारले. जन्मदात्री शाल्मली मयेकर. ती मला विचारणार, आई, मला का टाकलं होतंस? माझ्याकडे उत्तर नसणार. खरं सांगितलं तर ती म्हणेल, आता खोटं बोलतेस. यंत्र काय म्हणतं ते सगळ्यांनाच माहीत असतं.

दत्तक मुलाला एक गोष्ट सांगता येते. कोणीतरी तुला सोडलं, मी तुला घेतलं. सही केली, की ती दोन्ही माणसं मीच होणार होते.

“मी प्रयोगशाळेत जातेय,” मी म्हटलं.

सासूबाईंनी मटारांची साल खाली ठेवली. “पोरीला घेऊन जा. उपाशी राहील.”

*

जिल्हा प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नसरीन तांबोळी माझ्याहून लहान निघाल्या. डबा खात होत्या. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली, आणि दूध या शब्दाला त्यांचा हात डब्यातच थांबला.

“अंगावर पाजलंत? किती दिवसांची असल्यापासून?”

“पहिल्या महिन्यापासून. अजूनही पिते.”

“या अल्लाह.” त्यांनी डबा बाजूला सारला. “आमच्याकडे येणारं प्रत्येक टाकलेलं मूल बाटलीवरचं असतं. यंत्राला शिकवलंय तेही अशाच मुलांच्या रक्तावर. अंगावर पिणारं टाकलेलं मूल? असं उदाहरणच नाही आमच्याकडे.”

“म्हणजे चूक झाली?”

“चूक… यंत्राला तुमच्या पेशी सापडल्या, त्या आहेतच. पण पेशीवर ती कुठून आली त्याच्याही खुणा असतात. दुधातली वेगळी, वारेतून आलेली वेगळी. मी ते तपासू शकते. तुमचं थोडं दूध लागेल.” त्या माझ्याकडे बघत थांबल्या. “तुमच्या पेशी रोज नव्याने जातायत, त्यामुळे त्या खूप आहेत. यंत्राला एक नाव भक्कम सापडलं की ते तिथेच थांबतं. मी त्याला थांबू दिलं नाही, तर खाली दुसरी बाई सापडेल.”

“खरी.”

“हो. आणि सापडली की मला लपवता येणार नाही. तिला बोलावणं जाईल. साठ दिवस तिचा हक्क. ती म्हणाली मुलगी हवी, तर तिची.” त्यांनी जुईकडे पाहिलं. जुईने त्यांना दोन दात दाखवले. “सही करून घरी गेलात, तर मी तुम्हाला आज भेटलेच नाही. नीट विचार करा, ताई.”

मी विचार केला नाही. केला असता तर मागे फिरले असते. मी म्हटलं, “बघा.”

त्यांनी जुईच्या टाचेतून पुन्हा रक्त घेतलं. ती किंचाळली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून मुसमुसत राहिली. मला वाटलं, हिला धरायला मला आता फार दिवस नाहीत.

*

सोमवारी साळवी मॅडम मला सुनावणीच्या खोलीत न नेता त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं. डॉक्टर तांबोळी आधीच येऊन बसल्या होत्या.

“शाल्मली, बस,” मॅडम म्हणाल्या.

मिसेस मयेकर नव्हते मी आता. बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून भीतीच वाटली.

“तुमच्या सगळ्या पेशी दुधातल्याच होत्या,” डॉक्टर म्हणाल्या. “वारेतून आलेली एकही नाही. तुम्ही जन्म दिलेला नाही.”

“आणि दुसरी?”

त्यांनी मॅडमकडे पाहिलं.

“सापडली,” मॅडम म्हणाल्या. “पण तिला बोलावणं पाठवता येणार नाही. कार्ड बंद आहे तिचं. जुई पाळण्यात सापडली त्याच्या आदल्या दिवशी बंद झालंय.”

कार्ड बंद म्हणजे काय हे मला कळायला जरा वेळ लागला.

शेजारच्या जिल्ह्यातल्या कोलंबी सोलायच्या कारखान्यात होती ती. एकवीस वर्षांची. खोलीत एकटीच बाळंत झाली, रक्त थांबेना. मैत्रीण कामाच्या पाळीवरून आली तेव्हा बाळ कुशीत होतं आणि बाई गार पडली होती. पोरगी घाबरली. बाळाला घेऊन एसटीत बसली, आमच्या शहरातल्या शिशुगृहाच्या पाळण्यात ठेवलं आणि पळाली. तिकडच्या पोलिसांनी लिहिलं, बाळ आढळले नाही. इकडे आम्ही लिहिलं, आई आढळली नाही.

“एक फोन केला असता कोणी, तर तेव्हाच कळलं असतं,” मॅडम टेबलाकडे बघत बोलत होत्या. “पण यंत्र शोधेलच म्हणून कोणी केला नाही. मीही नाही.”

“दवाखान्यात का नाही गेली ती?” माझा आवाज मलाच ओळखू येईना. “अशी कशी एकटी राहिली?”

“काल मी मैत्रिणीशी बोलले. ती सांगत होती, मूल संस्थेत द्यायचं हिने आधीच ठरवलं होतं. पण दवाखान्यात कार्ड लागतं. आणि गुपचूप ठेवलं, तरी चाचणीत नाव निघतं, घरी बोलावणं जातं. घरचे जीव घेतील म्हणून घाबरायची. शेवटी शेवटी म्हणत होती, बाळ झालं की बघू.” मॅडम थांबल्या. “मग बघितलं असेल. मैत्रीण म्हणते, पाजता पाजता गेली.”

डॉक्टर तांबोळी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आमच्याकडे पाठ करूनच त्या म्हणाल्या, “अशा किती असतील, आम्ही कधी मोजलंच नाही. पाळणे रिकामे झाले तेव्हा आम्ही लॅबमध्ये केक कापला होता.”

जुई मांडीवर उड्या मारत होती. मी तिच्या दंडाला हात लावला. या एवढ्याशा दंडातून त्या मुलीच्या पेशी फिरत होत्या. जिवंत. तिचं जिवंत असं जगात एवढंच उरलं होतं, आणि त्यात माझं दूध मिसळलेलं होतं.

“नियम मोडल्याची नोंद होईल,” फाइल जवळ ओढत मॅडम म्हणाल्या. “पण हक्क सांगणारी आई नाही, आणि बाळ तुमच्याकडे वाढलंय. आदेश आज होईल.”

“तिचं नाव सांगा मला.”

“सांगता येत नाही.”

“मॅडम, ती आता नाही. कोणाच्या घरी जाणार मी? जुईला सांगायला हवंय.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “प्रणाली,” त्या म्हणाल्या. “आडनाव विचारू नकोस.”

*

सुयोगचा फोन मी जिन्यातच घेतला. सगळं सांगितलं. दुधाचंही.

“मला का नाही सांगितलंस?” त्याने विचारलं.

“मी असं करेन का, हे तू स्वतःला का नाही विचारलंस?”

पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत राहिली. “मी आल्यावर बोलू,” तो म्हणाला. मी हो म्हटलं. काय बोलू, ते मला अजून माहीत नाही.

पेढे राहिलेच.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढली. एप्रन होता तसाच होता, कडक, निळा. गळ्याच्या पट्टीशी पेनने काढलेलं एक लहानसं फूल होतं. इतके महिने मी ते बघितलंच नव्हतं. बर्फातल्या कोलंबीजवळ दिवसभर उभं राहायचं, तर अंगावर असा जाड एप्रन लागतो. त्या खोलीतलं सगळ्यात उबदार कापड तेच असणार.

जुई हात पुढे करत होती. मी बाहेरच्या खोलीतच खाली बसले आणि तिला पाजायला घेतलं. दार लोटलं नाही. एप्रन तिच्या पायांवर टाकला. तिने त्याची पट्टी मुठीत धरली.

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या, नाक आक्रसून म्हणाल्या, “हा घाणेरडा वास कसला? कोणाचं गो ते फडकं?”

“तिच्या आईचं,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसल्या, एप्रन जुईच्या पायांभोवती नीट खोचला, आणि म्हणाल्या, “मग माळ्यावर कशाला ठेवलास? खाली ठेव. हाताशी.”